अब्बांचे उस्ताद

2024 च्या दिवाळीच्या सुट्टीत मी मुलांना घेऊन माहेरी गेले होते. खेड तालुक्यातले आमचे गाव. दर दोन घरांआड एक घर कुवेत, कतर नाहीतर सौदीच्या पैशावर उभे राहिलेले. आमचेही त्यातलेच. अब्बा आता शहात्तर वर्षांचे आहेत. मगरिबची नमाज पढून आले की ते टीव्हीसमोर बसतात आणि बातम्या बघता बघता अम्मीशी मासळीच्या भावावरून हुज्जत घालत राहतात. त्या संध्याकाळी निवेदिकेच्या तोंडून 'खान युनूस' हे नाव आले आणि अब्बा बोलता बोलता थांबले. पडद्यावर एक बाई पडलेल्या घराच्या ढिगाऱ्यातून एक पातेले ओढून काढत होती. पातेले चेपलेले होते, तरी ती ते सोडत नव्हती. अब्बांनी रिमोट घेऊन टीव्ही बंद केला.

"उस्ताद तिथलेच," ते म्हणाले.

अम्मीने माझ्याकडे पाहिले, मी अम्मीकडे. आमच्या घरात उस्ताद म्हटले की मक्तबमधले मौलवीसाहेब आठवतात, आणि ते तर शेजारच्या वाडीतले. "कोण उस्ताद?" अम्मीने विचारले. अब्बांनी टोपी डोक्यावर घातली आणि इशाला अजून अर्धा तास असताना मशिदीकडे निघून गेले.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. सुट्टीतही वही बरोबर असते. त्या दिवसांत मी नववी-दहावीच्या मुलांसाठी महमूद दरवेश यांच्या एका कवितेचा उर्दू तर्जुमा वहीत उतरवून घेत होते. फलस्तीनचा हा शायर आपल्या घरांत नावाने ठाऊक असतो, पण त्याच्या कवितेतले नेमके काय ठाऊक असते असे विचारले तर बहुतेक जण ओळखपत्रावरच्या त्या 1964 च्या कवितेपाशी थांबतात. मी उतरवून घेत होते ती दुसरीच, आईवरची. तुरुंगात असताना लिहिलेली. तिच्यात तोफा नाहीत, झेंडा नाही. आईच्या हातची भाकरी, आईने केलेली कॉफी आणि आईचा स्पर्श यांची आठवण आहे. लेबनॉनचे गायक मार्सेल खलिफा यांनी तिला चाल लावली आणि ती अरबी बोलणाऱ्या घराघरांत गेली.

दरवेश यांची एक तक्रार होती आणि ती त्यांनी मुलाखतींतून बोलून दाखवली होती. मी आईवर कविता लिहिली की लोक म्हणतात, ही आई म्हणजे फलस्तीन. पण मी तर माझ्या आईवर लिहिले होते, ती कशाचे प्रतीक नव्हती. ही तक्रार वाचली तेव्हा मला घाम फुटला, कारण वीस वर्षे मी वर्गात हेच करत आले आहे. 'शायर क्या कहना चाहता है?' किंवा मराठीच्या तासाला 'कवीला येथे काय सुचवायचे आहे?' मुलेही हुशार. त्यांना ठाऊक असते की दिवा म्हणजे ज्ञान, नदी म्हणजे जीवन आणि आई म्हणजे देश. तीन गुण पक्के.

इशानंतर अब्बा परत आले तेव्हा मी ओटीवर बसून तीच कविता मोठ्याने वाचून बघत होते, मुलांना कुठला शब्द अडेल ते पाहायला. अब्बा आरामखुर्चीत बसले. कॉफीचा उल्लेख आला तेव्हा त्यांनी हात वर केला, वर्गात मुले करतात तसा.

"इलायची टाकायचे ते," अब्बा म्हणाले. "कॉफीत. आणि तीनदा वर येऊ द्यायचे, तीनदा चुलीवरून उचलायचे. मी म्हणायचो, उस्ताद, गॅस जातोय फुकट."

मग अब्बा बोलत राहिले. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

2 ऑगस्ट 1990 ही तारीख कोकणातल्या माझ्या वयाच्या मुलामुलींना सांगावी लागत नाही. मी दहा वर्षांची होते. त्या दिवशी सद्दामचे रणगाडे कुवेतमध्ये शिरले आणि आमच्या मोहल्ल्यातल्या पंधरा-वीस घरांतल्या बायका एकाच वेळी एकट्या पडल्या. पत्रे बंद, पैसे बंद, अब्बा दर दोन महिन्यांनी आवाज भरून पाठवायचे ती कॅसेट बंद. फक्त रेडिओ उरला. संध्याकाळी बीबीसी उर्दूचे 'सैरबीन' लागायचे आणि आमच्या ओटीवर सगळ्या जमायच्या. खरखरीतून 'हिंदुस्तानी' शब्द ऐकू आला की कुणीतरी शूऽऽ करायचे. अम्मीने जुन्या कॅसेट काढून पुन्हा लावल्या. त्यात अब्बा 'पाऊस कसा आहे, स्लॅबला गळती नाही ना' असे विचारत होते आणि अम्मी त्या जुन्या प्रश्नांना रडत उत्तरे देत होती.

पुढचा इतिहास पुस्तकांत आहे. आपले परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले, सद्दाम हुसेन यांना भेटले, आणि सद्दामने त्यांना मिठी मारल्याचा फोटो जगभर छापला गेला. त्यावर टीका झाली, आजही होते. एका देशावर चढाई करणाऱ्याच्या गळ्यात गळा घालायचा? पण त्यानंतर आपली माणसे बसने बसरा, बगदाद करत जॉर्डनच्या हद्दीपर्यंत आली आणि अम्मानहून एअर इंडियाची विमाने त्यांना मुंबईला आणू लागली. दोन महिन्यांत जवळपास पाचशे फेऱ्या आणि दीड लाखाहून जास्त माणसे. अब्बांना टीका समजते, पण त्यांचे म्हणणे सरळ आहे. "त्या मिठीमुळे मी घरी आलो. तू शिकलेली आहेस, तू ठरव ती बरी की वाईट." मला अजून ठरवता आलेले नाही.

मिठीचा दुसरा एक फोटोही त्याच ऑगस्टमध्ये छापून आला होता. यासर अराफत यांचा, त्याच सद्दामबरोबर. गुजरालांच्या मिठीतून पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे घरी पोचली. अराफतांच्या मिठीची किंमत कुवेतमधल्या चार लाख फलस्तिनी लोकांनी चुकवली. त्यातल्या बहुतेकांना कुणी काही विचारले नव्हते, आणि काही जण तर कुवेती शेजाऱ्यांना घरात लपवत होते. 1991 च्या फेब्रुवारीत कुवेत मोकळे झाले. त्यानंतरच्या महिन्यांत संशयाची धरपकड सुरू झाली, नोकऱ्या गेल्या, राहण्याचे परवाने गेले, आणि चार लाखांतले काही हजारच मागे उरले. ज्या शहरात तीन पिढ्या राहिल्या, ज्या शहराच्या शाळांत त्यांच्या माणसांनी अर्धे आयुष्य फळ्यासमोर काढले, तिथून ते निघाले. अराफतांच्या फतह संघटनेचा पहिला पाया कुवेतमध्येच रचला गेला होता. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अराफत तिथे सरकारी बांधकाम खात्यात इंजिनियर होते.

पण दोन मिठ्यांची तुलना इथेच संपत नाही. आपल्या माणसांना विमानात बसवले तेव्हा विमानाला उतरायला जागा होती. अब्बांच्या खिशात निळा पासपोर्ट होता. उस्तादांच्या खिशात काय होते ते अब्बांनी त्या रात्री सांगितले.

उस्ताद मूळचे खान युनूसचेही नव्हते. त्यांचे गाव उत्तरेला, किनाऱ्याजवळ. 1948 मध्ये ते आठ वर्षांचे असताना घरच्यांबरोबर चालत दक्षिणेला आले आणि खान युनूसच्या छावणीत राहिले. अब्बांचा जन्म त्याच वर्षीचा. 'तू ज्या वर्षी घरात आलास त्या वर्षी मी घराबाहेर पडलो' असे ते अब्बांना हसून म्हणायचे. गाझा तेव्हा मिसरच्या ताब्यात होता, म्हणून तिथल्या निर्वासितांना मिसर सरकारचा एक प्रवासाचा कागद मिळायचा. 'वसीका' म्हणायचे त्याला. पासपोर्टसारखा दिसतो, पण त्यावर खुद्द मिसरमध्ये शिरायलाही वेगळी परवानगी लागते. उस्ताद शिकले, कुवेतमध्ये येऊन काही वर्षे शाळेत हिशेब शिकवला. 1967 मध्ये युद्ध झाले आणि गाझा इस्राएलच्या ताब्यात गेला तेव्हा ते कुवेतमध्ये होते. त्या वेळी जे बाहेर होते त्यांना परतीचा रस्ता बंद झाला. अब्बांच्या ओळखीचे झाले तोवर ते शाळा सोडून इमारतींच्या देखभालीच्या कंपनीत स्टोअर सांभाळत होते. अब्बा तिथे इलेक्ट्रिशियन. पूर्वीचा मास्तर म्हणून सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. वायर मागायला गेलेल्या माणसाला आधी पाढा विचारायचे, मग वायर द्यायचे.

जुम्म्याची नमाज झाली की अब्बा त्यांच्या खोलीवर जायचे. अर्धे अरबी, अर्धे हिंदी. उस्तादांच्या बायकोने आतून पाठवलेले जैतून आणि झातर, आणि मग ती तीनदा उचललेली कॉफी. "बोलायचात काय?" मी विचारले. मला वाटले आता अराफत, अमेरिका, कुद्स असे काहीतरी निघेल. "मुलांच्या फीबद्दल," अब्बा म्हणाले. "त्यांचा पोरगा अभ्यास करत नव्हता. आणि कॉफीबद्दल. मी चहावाला, त्यांना ते पटायचं नाही."

कॉफीवरून इथे एक सांगायला हवे. दरवेश यांचे एक गद्य पुस्तक आहे, 'विस्मरणासाठी स्मरण' अशा अर्थाच्या नावाचे. 1982 च्या उन्हाळ्यात इस्राएली फौजांनी बैरूतला वेढा घातला होता, आणि त्या ऑगस्टमधल्या एका दिवसाची ती हकीकत आहे. पहाटे बाँब पडताहेत, आणि लेखकाला एकच चिंता आहे. स्वयंपाकघराची खिडकी समुद्राकडे उघडी, समुद्रात युद्धनौका, मग कॉफी करायला तिथे जायचे कसे? पानेच्या पाने तो कॉफी कशी करावी, पाणी केव्हा उकळावे, चमचा कसा फिरवावा हेच सांगत राहतो. पहिल्यांदा वाचले तेव्हा मी चिडले होते. शहर मरते आहे आणि या माणसाला कॉफी सुचते! अब्बांच्या तोंडून उस्तादांची कॉफी ऐकली आणि मग ती पाने मी पुन्हा वाचली. ज्याची जमीन, घर, कागद सगळे गेले आहे, त्याच्याकडे आपल्या हातचे म्हणून आणखी काय उरते?

त्याच पुस्तकात आपल्या ओळखीचा एक माणूस भेटतो. फैज अहमद फैज. झियांच्या राजवटीत पाकिस्तानातून बाहेर पडून ते बैरूतला आले होते आणि आफ्रो-आशियाई लेखक संघाच्या 'लोटस' या नियतकालिकाचे संपादन करत होते. फलस्तिनी बाळासाठीची त्यांची अंगाई तिथलीच, 1980 ची, आणि 'मेरे दिल मेरे मुसाफिर' हा संग्रह त्यांनी अराफत यांना अर्पण केला. दरवेश लिहितात की वेढ्याच्या दिवसांत फैज विचारत होते, चित्रकार कुठे आहेत, त्यांनी हे युद्ध शहराच्या भिंतींवर काढायला हवे. आणि दरवेश त्यांना म्हणतात की भिंतीच कोसळताहेत, दिसत नाही का तुम्हाला? फैज तेव्हा सत्तरीपार. म्हातारा लाहोरचा शायर आणि चाळिशीतला गालीलचा शायर, दोघेही आपल्या मातीपासून लांब, भिंतींबद्दल वाद घालताहेत. उर्दूचा तास घेताना मला हे दृश्य नेहमी आठवते, पण परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही.

उस्तादांकडे परत येते.

सप्टेंबरच्या मध्यावर अब्बांचा नंबर लागला. बस पकडण्याच्या ठिकाणापर्यंत उस्तादांनी त्यांना आपल्या जुन्या डॅटसनमधून सोडले. वाटेत इराकी चौक्या होत्या. उतरताना उस्तादांनी मागच्या सीटवरून कॉफीचे पितळी भांडे काढून दिले, लांब दांड्याचे. 'वाळवंटात पाणी उकळायला लागेल. मुंबईहून परत येशील तेव्हा आण.' अब्बा म्हणाले, उस्ताद, तुम्हाला? 'मला पातेल्यात करता येते,' ते म्हणाले, 'वाईट होते, पण होते.' जॉर्डनच्या हद्दीवर तंबूंत अब्बांनी नऊ दिवस काढले. त्या भांड्यात आजूबाजूच्या तीन कुटुंबांच्या बाळांचे दूध उकळले गेले. रात्री थंडी, दिवसा डोके फुटेल असे ऊन.

उन्हाचे सांगताना मला गस्सान कनफानी आठवले आणि मी अब्बांना त्यांची कादंबरिका थोडक्यात सांगितली. कनफानीही कुवेतमध्ये शिक्षक होते. 1963 साली त्यांचे 'उन्हातली माणसे' या अर्थाच्या नावाचे छोटे पुस्तक आले. तीन फलस्तिनी माणसे कामाच्या आशेने बसऱ्याहून कुवेतमध्ये चोरून शिरण्यासाठी पाण्याच्या रिकाम्या टँकरमध्ये लपतात. चौकीवरचे कारकून ड्रायव्हरशी थट्टामस्करी करत त्याला अडकवून ठेवतात, आणि तेवढ्या वेळात तिघेही आत गुदमरून मरतात. ड्रायव्हर शेवटी विचारतो की त्यांनी टँकरच्या भिंतीवर ठोठावले का नाही. 1972 मध्ये बैरूतला गाडीत बाँब ठेवून कनफानींना मारले गेले, सोबत त्यांची भाचीही गेली. कॉलेजच्या वर्गांत या प्रश्नाचे अर्थ लावत बसतात. ठोठावणे म्हणजे प्रतिकार, टँकर म्हणजे अरब राजवटी. अब्बांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "ऑगस्टमध्ये तिथे लोखंडाला हात लावता येत नाही, बेटा. ठोठावणार कसे?"

अब्बा घरी आले ती रात्र मला आठवते. दाढी वाढलेली, कपडे कुणाचे तरी, हातात एक पिशवी. त्या पिशवीत एक जोडी कपडे, पासपोर्ट आणि ते भांडे. आम्हा भावंडांना वाटले होते की नेहमीसारखी बॅग उघडेल, साबण-सेंटचा वास येईल. अम्मीने रडून झाल्यावर भांडे पाहिले आणि विचारले, "हे काय आणलंत?" अब्बा म्हणाले, "एकाचं आहे. द्यायचंय." ते द्यायचे राहिले आणि भांडे फडताळात गेले. वर्ष-दोन वर्षांनी अम्मीने ते काढले आणि डाळीला बघार द्यायला वापरू लागली. दांडा लांब असल्याने हात भाजत नाही म्हणून तिला ते फार आवडते. मीही माहेरी आले की त्यातच बघार देते. इतकी वर्षे त्यात कांदा-लसूण जळत होता आणि आम्हाला ठाऊक नव्हते.

1992 मध्ये अब्बा नव्या व्हिसावर परत गेले. घरावरचा स्लॅब अर्धा, मोठ्या आपाचे लग्न ठरलेले. तीच कंपनी, साहेब नवे. उस्तादांच्या खोलीत दुसरेच कुटुंब राहत होते, आणि दारावरचा रंगही बदललेला. स्टोअरमध्ये बांगलादेशी मुलगा बसला होता. पहिल्या आठवड्यात एका साहेबाने जुन्या कामगारांना एकेकाला आत बोलावले. समोर यादी होती. उस्तादांच्या नावावर बोट ठेवून त्याने अब्बांना विचारले, हा कुठे गेला, तुझ्याकडे पत्ता आहे का, तुझा दोस्त होता ना?

"मी म्हटलं, मा आरफा," अब्बा म्हणाले. "मी ओळखत नाही."

ओटीवर खूप वेळ कुणी बोलले नाही. आतून अम्मी सगळे ऐकत होती.

"त्याने पुन्हा विचारलं नाही. एवढंच विचारायचं होतं त्याला. मी हो म्हटलो असतो तरी कदाचित काही झालं नसतं. तेच डोक्यातून जात नाही."

मी काय बोलणार? 'तुमचा नाइलाज होता, अब्बा' हे वाक्य माझ्या तोंडाशी आले होते. ते खरेही आहे. पण बत्तीस वर्षे त्यांनी ते स्वतःला सांगून पाहिले असणारच. आमच्या शाळेच्या फिया, माझे डी.एड., मग बी.एड., सगळे त्या नकारानंतरच्या पगारातून झाले. त्यामुळे न्याय करायला मी योग्य माणूस नव्हे.

गेल्या वर्षभरात आमच्या भागात फलस्तीनसाठी दुआ झाल्या, चंदा झाला, मुलांनी भिंतीवर चित्रे काढली. मीही शाळेत भाषण केले. भाषणात मी 'फलस्तिनी मावल्या', 'शहीद बालके' असे शब्द वापरले आणि मुलांनी डोळे पुसले. आज ते भाषण आठवून मला एकच खटकते, की त्यात एकही माणूस नव्हता. पोराच्या अभ्यासाची काळजी करणारा, वायर द्यायच्या आधी पाढे विचारणारा, चहावाल्यांना कमी लेखणारा कुणी नव्हता. आपण त्यांना इतके मोठे केले आहे की ते आपल्या ओटीवर मावत नाहीत. दरवेश हेच तर सांगत होते. या शायराने राजकारणही थोडेथोडके केले नाही. 15 नोव्हेंबर 1988 रोजी अल्जियर्समध्ये अराफतांनी वाचलेला फलस्तीनच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा दरवेश यांनीच लिहिला होता. तीन दिवसांत भारताने त्या राज्याला मान्यताही दिली. 1993 मध्ये ओस्लोचा करार झाला तेव्हा तो मान्य नसल्याने त्यांनी संघटनेच्या कार्यकारिणीचा राजीनामा दिला. जाहीरनामा लिहिता येणारा माणूस म्हणत होता की माझ्या आईला आई राहू द्या.

त्यांच्या शाळेतली एक हकीकत मी वर्गात सांगते. त्यांचे अल-बिरवा हे गाव 1948 मध्ये उद्ध्वस्त झाले. घरचे लेबनॉनला गेले, पुढच्या वर्षी लपून परत आले आणि स्वतःच्याच मुलखात बेकायदा ठरले. तेव्हा इस्राएलमधल्या अरबांवर लष्करी अंमल होता. इस्राएलच्या वर्धापनदिनी शाळेत कार्यक्रम, आणि बारा-एक वर्षांच्या महमूदला कविता वाचायला सांगितले. त्याने ज्यू मुलाला उद्देशून एका अरब मुलाची कविता लिहून वाचली. तुझ्याकडे घर आहे, खेळणी आहेत, माझ्याकडे का नाहीत, अशा अर्थाची. दुसऱ्या दिवशी लष्करी अधिकाऱ्याने बोलावले आणि दम दिला की असे लिहिशील तर तुझ्या बापाचे खाणीतले काम जाईल. मी ही गोष्ट नेहमी शायराच्या धैर्याची म्हणून सांगत आले. आता मला तो बाप दिसतो. तो घरी येऊन काय म्हणाला असेल? पोराला रागावला असेल का? दगडाच्या खाणीतली ती मजुरी, आणि तिच्यावर जगणारी चूल.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी अब्बांनी अम्मीकडे ते भांडे मागितले. अम्मीने आधीच घासून ठेवले होते, चिंचेने, पार आतून. खेडच्या बाजारात मिळाली ती कॉफी आणली, दोन इलायच्या ठेचल्या. अब्बांनी स्वतः गॅससमोर उभे राहून केली. पहिल्यांदा उचलली, दुसऱ्यांदा उचलली, तिसऱ्यांदा हात थरथरला आणि अर्धी उतू गेली. उरली ती आम्ही तिघांनी घोटभर घोटभर घेतली. बघाराचा वास अजून होताच. अम्मी म्हणाली, "कडू आहे." अब्बा म्हणाले, "अशीच असते."

मग त्यांनी मला कागद आणायला सांगितले आणि उस्तादांचे पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, अरबीत लिहून घेतले. माझ्याकडून दोनदा स्पेलिंग तपासून घेतले. ते नाव मी इथे लिहीत नाही, ते अब्बांचे आहे. कागद त्यांनी मुसल्ल्याच्या घडीत ठेवला. फजरनंतर अब्बा नावे घेऊन दुआ करतात, आधी हयात असलेल्यांसाठी, मग मरहूमांसाठी. निघताना मला स्टँडवर सोडायला आले होते तेव्हा म्हणाले, "उस्ताद असले तर चौऱ्याऐंशीचे असतील. नाव कुठल्या यादीत घेऊ, तेच कळत नाही. सध्या दोन्हीकडे घेतो."

एसटी सुटली तरी ते तिथेच उभे होते.